ट्रेलरचे दिवे विचित्र वागत असतील तर आधी पांढरी वायर तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला धरून बोलता येईल. पिकअपचे स्वतःचे मागचे दिवे ठीक आहेत. ट्रेलर जोडून नुसते पार्किंग लाइट लावले तर ट्रेलरवर बऱ्यापैकी उजेड पडतो, पण तेच चालू असताना ब्रेक दाबला की ट्रेलरचे सगळे दिवे एकदम मंदावतात, आणि डावा इंडिकेटर दिला की उजवीकडचा पण बारीकसा लुकलुकतो. मध्ये एकदा फ्यूजपण उडाला. बल्ब बदलले, फ्यूज बदलला, बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर लावला तर व्यवस्थित १२ व्होल्ट दिसतात, मग दिवा का लागत नाही.

ही लक्षणं वाचून माझा पहिला संशय अर्थिंगवर आहे, म्हणजे ट्रेलरच्या पांढऱ्या वायरवर. करंट दिव्यापर्यंत जातोय, परत यायला त्याला धड वाट नाहीये. आपण सगळे दिव्याकडे करंट नेणाऱ्या वायरींच्या मागे लागतो कारण रंगीत वायरी डोळ्यात भरतात, एकेका दिव्याचं नाव त्यांना असतं, आणि पांढरी बिचारी कुठेतरी एका बोल्टखाली गंजत बसलेली असते. पण सगळ्या दिव्यांचा परतीचा करंट त्या एकाच वायरमधून जातो, म्हणून ती बिघडली की एक दिवा न जाता सगळेच विचित्र वागायला लागतात. एकच दिवा, एकच फंक्शन बंद असेल तर त्या वायरचा किंवा बल्बचा दोष. एक बटण दाबल्यावर दुसराच दिवा लागत असेल, किंवा जितके जास्त दिवे लावाल तितके सगळे मंद होत असतील, तर दोष अर्थचा, म्हणजे अर्थिंगचा.

असं का होतं ते सांगतो, कारण हे कळलं की अर्धं काम झालं. ब्रेक आणि पार्किंगचा बल्ब एकच असतो, आत दोन फिलामेंट, एक २१ वॅटची आणि एक ५ वॅटची, आणि दोघींना अर्थ मात्र एकच, बल्बचं पितळी अंग. तुमच्या ट्रेलरला चार पिनांचा चपटा प्लग आहे म्हणजे इंडिकेटर आणि ब्रेक एकाच फिलामेंटवर चालतात. आता डावा इंडिकेटर दिला, करंट पिवळ्या वायरने डाव्या बल्बात गेला, पण पांढऱ्या वायरने परत जाता येत नाही. मग तो ट्रेलरच्या अंगातून उजव्या बल्बात घुसतो, तिथल्या फिलामेंटमधून उलटा हिरव्या वायरवर चढतो आणि पिकअपच्या उजव्या दिव्याच्या अर्थमधून घरी जातो. म्हणून उजवीकडे बारीक लुकलुक. तसंच पार्किंग बंद ठेवून ब्रेक दाबला तर करंट तपकिरी वायरने उलटा जातो आणि पार्किंगचे दिवे फिकट लागतात. पार्किंग चालू असलं की तपकिरी वायरवर आधीच १२ व्होल्ट, ती वाट बंद, त्यामुळे अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर ब्रेक दाबताच सगळा अंधार. नवीन पिकअपमध्ये ट्रेलरसाठी वेगळं इलेक्ट्रॉनिक मोड्यूल असतं, ते बऱ्याचदा करंट उलटा जाऊ देत नाही, मग अशी भुताटकी दिसत नाही, दिवे नुसते मंद किंवा बंद दिसतात.

तुमच्याकडे अर्थ पूर्ण तुटलेला नसावा, कुठल्यातरी जॉइंटमध्ये अडथळा आलाय. ढोबळ हिशोब करून बघा. समजा पांढऱ्या वायरच्या जॉइंटला गंजामुळे ५ ओहम आलेत. पार्किंगचे ५ वॅटचे दोन बल्ब पेटलेले असताना दोघांचा मिळून रेझिस्टन्स साधारण १४ ओहम, म्हणजे १२ मधले ९ व्होल्ट त्यांना मिळतात, उजेड थोडा कमी पण चालून जातो, लक्षातही येत नाही. आता ब्रेक दाबला. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन ओहम, त्यांच्या वाट्याला जेमतेम ५ व्होल्ट, आणि पार्किंग पण चालू असेल तर सगळे मिळून साडेचारच्याही खाली. फिलामेंट नुसती लालसर होते. गंज तोच, जॉइंट तोच, तरी पार्किंग ठीक आणि ब्रेक खराब.

आणि मीटरने १२ व्होल्ट दाखवले त्याचं कारणही इथेच आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो मोजताना एक-दीड मायक्रोअँप इतकाच करंट ओढतो. एवढा करंट वायरच्या एका उरलेल्या तारेतून, हिरव्या गंजाच्या थरातून, कशातूनही जातो आणि मीटर आनंदाने १२ दाखवतो. ब्रेकच्या एका बल्बला पावणेदोन अँप लागतात. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर घेतलेल्या रीडिंगवर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. ओहमवर ठेवून वायर चेक केली, बीप वाजला, वायर चांगली, हे पण तसंच फसवं आहे, शेवटची एक तार शाबूत असेल तरी बीप वाजतो. दिवा चालू असताना, करंट वाहत असताना जे मोजाल तेच खरं.

आता कामाला लागा. पहिली पायरी म्हणजे दोष पिकअपमध्ये आहे का ट्रेलरमध्ये हे वेगळं करायचं. हे न करता लोक दोन्हीकडच्या टेपा उचकटत बसतात आणि चांगले जॉइंट पण खराब करतात. एक २१ वॅटचा साधा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी लावा, हाच तुमचा टेस्ट लॅम्प. बाजारात पेनासारखा मिळतो त्यातला बल्ब छोटा असतो, करंट कमी ओढतो, इथे मुद्दाम मोठा बल्ब हवा. मोड्यूलवाल्या गाडीत पण ट्रेलरला जो बल्ब लागतो त्याच वॅटेजचा लावताय तोवर काळजी नाही.

ट्रेलरचा प्लग काढा. टेस्ट लॅम्पची एक वायर पिकअपकडच्या सॉकेटच्या पांढऱ्या पिनेला लावा, दुसरी एकेक करून तपकिरी, पिवळी, हिरवीला, आणि एकजण आत बसून पार्किंग, डावा, उजवा, ब्रेक देऊ दे. चपट्या चारपिनी कनेक्टरमध्ये गाडीकडच्या बाजूला जी एकच उघडी पिन बाहेर आलेली असते तीच अर्थ, बाकीच्या तीन रबरात झाकलेल्या असतात कारण त्यांच्यात करंट असतो. इथे एक गोष्ट अगदी कटाक्षाने पाळा, अर्थ सॉकेटच्या पांढऱ्या पिनेवरूनच घ्यायचा. बंपरला किंवा चॅसीला चिमटा लावून टेस्ट केली तर बल्ब मस्त लागेल आणि पिकअपकडची पांढरी वायर तुटलेली असली तरी तुम्हाला कळणार नाही. पांढऱ्या पिनेवर लॅम्प मंद आणि चॅसीवर भरपूर लागला तर शोध संपला, पिकअपच्या हार्नेसची (वायरींच्या जुडग्याची) पांढरी वायर जिथे चॅसीला बोल्ट केलीय तो बोल्ट उघडा.

पिकअपकडून सगळं भरपूर पेटत असेल तर ट्रेलर. गाडी बाजूला ठेवा आणि एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी घ्या. निगेटिव्ह ट्रेलरच्या प्लगच्या पांढऱ्या पिनेला, पॉझिटिव्हच्या वायरमध्ये १० अँपचा फ्यूज टाकून तिने तपकिरी, पिवळी, हिरवी अशी एकेक शिवायची. नंतर तिघींना एकत्र द्या. एकेक लावताना ठीक आणि एकत्र दिल्यावर मंद, म्हणजे ट्रेलरच्या पांढऱ्या वायरमध्येच अडथळा. या पद्धतीत पिकअपचे फ्यूज, रिले, मोड्यूल सगळं चित्रातूनच बाहेर जातं, कोणी आत बसून ब्रेक दाबायची गरज नाही, आणि तुम्ही शांतपणे ट्रेलरखाली बघू शकता.

ट्रेलरवर स्वतःची बॅटरी असेल तर ती आधी सोडवून ठेवा, कारण सातपिनी प्लगमध्ये चार्जिंगची पिन ट्रेलरच्या बाजूनेच जिवंत असते, पांढऱ्या पिनेला चुकून शिवली तर ठिणगी पडते. आणि ट्रेलर सरकू नये म्हणून चाकांना ओट लावा.

अडथळा नेमका कुठे हे शोधायला आता मीटर वापरायचा, पण दिवे चालू ठेवून. पार्किंग आणि दोन्ही ब्रेक चालू ठेवा, मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवा (वायर पुरत नसेल तर जोडून लांब करा) आणि लाल प्रोब परतीच्या वाटेवर एकेका ठिकाणी टेकवत चला. बल्बचं पितळी अंग, होल्डरचा पत्रा, दिव्याचा बोल्ट, ट्रेलरची चॅसी, पांढऱ्या वायरचा लग (वायरच्या टोकाला बसवलेली, बोल्टखाली आवळायची धातूची चकती), प्लगची पिन. चांगल्या अर्थमध्ये सगळीकडे जवळपास शून्य दिसतं, शून्य पूर्णांक दोन-तीन पर्यंत मी चालवून घेतो. बल्बच्या अंगावर ५ व्होल्ट, चॅसीवर ५ व्होल्ट, आणि लगवर एकदम शून्य पूर्णांक एक, असं आलं तर खराबी चॅसी आणि लग यांच्या मध्ये आहे, दुसरीकडे कुठे हात लावायची गरजच नाही. आकडा जिथे धाडकन पडतो तिथे पाना लावायचा.

बहुतेक वेळा तो लगच निघतो. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर एक स्क्रू, त्याखाली लग, वरून रंग मारलेला, खालून गंज. तो काढून आसपासचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड वर आणा, लग नवीन क्रिम्प करा (पक्कडीने दाबून बसवा), दातेरी वॉशर टाकून आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, आवळायच्या आधी रंग नको. वायर सोलल्यावर आतलं तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर लखलखीत तांबं येईपर्यंत मागे कापत जा, काळ्या तांब्यावर क्रिम्प केलेला जॉइंट पुन्हा त्रास देणार.

हिचचा बॉल (पिकअपच्या मागचा लोखंडी गोळा) आणि कप्लर (त्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड) यांच्यातून अर्थ मिळतोच की, असं बरेचजण धरून चालतात. तिथे ग्रीस असतं, गंज असतो, रस्त्यावर तो जोड सतत हलत असतो. थांबलेल्या गाडीत दिवे ठीक आणि चालत्या गाडीत लुकलुकत असतील तर बहुधा ट्रेलर बॉलवरच्या अर्थवर जगतोय. माझं स्पष्ट मत आहे की लोखंडी चॅसीवर अर्थ सोडूच नये. प्लगपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी पांढरी वायर ओढा, दिव्यांच्या वायरी १.५ स्क्वेअर एमएमच्या असतील तर ही २.५ ची घ्या, आणि चॅसीला फक्त एका ठिकाणी जोडा. अर्धा दिवस जाईल पण बिजागरीचा, उघडझाप होणारा किंवा ॲल्युमिनियम बॉडीचा ट्रेलर असेल तर याला पर्यायच नाही. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर वायर अजून जाड हवी, एका चाकाचा मॅग्नेट ३ अँपच्या आसपास ओढतो, चार चाकं म्हणजे १२ अँप, आणि हा सगळा करंट पण त्याच पांढऱ्या वायरने परत येतो.

बल्ब नवीन टाकलेत म्हणालात म्हणून हे पण बघा. दोन फिलामेंटच्या बल्बच्या बाजूच्या दोन पिना खालीवर असतात, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. कोणी जोर लावून उलटा बसवला तर ब्रेक आणि पार्किंगची अदलाबदल होते, आणि एका फिलामेंटचा बल्ब तिथे कोंबला तर त्याचा खालचा एकच टिपका दोन्ही कॉन्टॅक्टना टेकतो आणि ब्रेक आणि पार्किंग एकमेकांना जोडले जातात. लक्षणं अर्थ गेल्यासारखीच दिसतात. एक मिनिटाचं काम आहे, सगळे बल्ब काढून बघून घ्या.

फ्यूज उडण्याचा प्रश्न मात्र वेगळा. अर्थ खराब असल्याने फ्यूज उडत नाही, उलट करंट कमी होतो. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी एक जिवंत वायर सोलवटून लोखंडाला टेकली. म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन दोष आहेत आणि दुसरा कायमचा नसून अधूनमधून होणारा आहे. मोठा फ्यूज कृपा करून टाकू नका, १० च्या जागी ३० टाकला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल, ती पण गाडीच्या खाली डिझेल-पेट्रोलच्या नळीच्या शेजारी.

असा शॉर्ट शोधायला फ्यूज एकामागून एक जाळायची गरज नाही. फ्यूज काढा आणि त्याच्या जागी हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब वायरी लावून जोडा. शॉर्ट असला की हा बल्ब पूर्ण पेटतो, पण साडेचार अँपच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. आधी ट्रेलरचे त्या सर्किटचे बल्ब काढून घ्या, नाहीतर त्यांच्या लोडनेच तो थोडा पेटेल आणि गोंधळ होईल. आता सर्किट चालू ठेवून वायर हलवत, दाबत, वाकवत पुढून मागे जा आणि त्या बल्बवर लक्ष ठेवा, जिथे हात लावल्यावर तो चमकतो तिथेच वायर सोललेली आहे. ही पद्धत साध्या फ्यूज-रिलेच्या सर्किटसाठी. मोड्यूल असेल तर ट्रेलर वेगळा करून तो बल्ब तुमच्या वेगळ्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये टाका आणि तेच करा. मोड्यूल शॉर्ट दिसला की स्वतःच ते आउटपुट बंद करतं, बऱ्याच गाड्यांमध्ये इग्निशन बंद करून परत चालू करेपर्यंत ते चालू होत नाही, आणि माणूस चांगल्या फ्यूजकडे बघत राहतो.

वायर सोलवटायच्या जागा ठरलेल्या आहेत. ट्रेलरच्या दांड्याच्या चौकोनी पाइपातून वायर बाहेर येते त्या भोकाची धार, तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसवायचं कडं) नसेल तर आज ना उद्या कापणारच. ॲक्सलच्या वरची जागा, जिथे स्प्रिंग दबल्यावर वायर चिमटते. पत्र्याच्या क्लिपा. पिकअपच्या बाजूला स्टेपनीच्या आसपास, बंपरच्या ब्रॅकेटमागे आणि सायलेन्सरच्या जवळ. प्लगची वायर लांब असेल तर ती रस्त्याला घासून खालून सपाट झालेली असते, हाताने फिरवून बघा. आणि ते निळे-लाल दाबून बसवायचे टॅप कनेक्टर कुठे दिसले तर सरळ काढून टाका, ते वायरचं इन्सुलेशन चिरतात, पाणी आत घेतात. आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकचे (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या नळीचे) क्रिम्प जॉइंट वापरा, नुसती इन्सुलेशन टेप चिखलपाण्यात टिकत नाही.

पुढे कधी प्लग बदलाल तेव्हा रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नका. चारपिनी चपट्या अमेरिकन पद्धतीत तपकिरी पार्किंग, पिवळी डावी, हिरवी उजवी. अमेरिकन सातपिनीत काळी म्हणजे बॅटरीचा थेट १२ व्होल्ट आणि निळी म्हणजे इलेक्ट्रिक ब्रेक. युरोपियन गोल सातपिनीत तीच काळी डावा पार्किंग लाइट असते, निळी मागचा फॉग लाइट, तपकिरी उजवा पार्किंग, आणि ब्रेकला वेगळी लाल. पांढरी दोन्हीकडे अर्थ. रंग बघून जोडलं तर डाव्या पार्किंगला कायमचा बॅटरी करंट जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक वायर टेस्ट लॅम्पने ओळखूनच जोडा. पिकअपचा इंडिकेटर पिवळा वेगळा आणि ब्रेक लाल वेगळा असेल तर चारपिनी ट्रेलरसाठी मध्ये कन्व्हर्टर लागतो, तो दोन्ही सिग्नल एका वायरवर आणतो. कन्व्हर्टरला इनपुट येतंय, त्याचा अर्थ चांगला आहे, तरी आउटपुट नाही, म्हणजे तो गेला, आणि तो बहुधा ट्रेलरच्या शॉर्टमुळे गेला. आधी ट्रेलर दुरुस्त, मग नवा कन्व्हर्टर, नाहीतर नवा पण जाईल.

एलईडी दिवे बसवले की सगळं सुटेल असा सल्ला तुम्हाला मिळेल. एलईडी करंट कमी ओढतात म्हणून खराब अर्थवर पण बरे दिसतात हे खरं, पण गंज तिथेच राहतो आणि वाढतो. शिवाय काही पिकअपचं मोड्यूल इतका कमी करंट बघून ट्रेलर जोडलेलाच नाही असं समजतं, किंवा तपासणीसाठी ते बारीक पल्स सोडतं त्याने एलईडी बंद असताना पण मिणमिणतात. एलईडी जरूर बसवा, पण अर्थ नीट केल्यानंतर.

दुरुस्ती झाली की पार्किंग, ब्रेक आणि एक इंडिकेटर तिन्ही एकत्र चालू ठेवून बघा. तुमच्या पद्धतीत ब्रेक दाबलेला असताना इंडिकेटरच्या बाजूचा दिवा लुकलुकला पाहिजे आणि दुसरा स्थिर पेटलेला राहिला पाहिजे. मग दांड्यावर उभं राहून ट्रेलर हलवा, प्लगची वायर हलवा, आणि तेव्हा पण उजेड बदलत नाही ना बघा. प्लगच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, सैल पिना बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित फाकवा.

एवढं करून पण ब्रेकला मंद होत असेल तर तीन आकडे मोजून कळवा, तिन्ही दिवे चालू ठेवूनच घेतलेले: पिकअपच्या सॉकेटवर पांढरी आणि हिरवी यांच्यातला, ट्रेलरच्या उजव्या होल्डरवर कॉन्टॅक्ट आणि पितळी अंग यांच्यातला, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्याच पितळी अंगापर्यंतचा. बरोबर पिकअपला मोड्यूल आहे का साधे रिले तेही लिहा, त्यावरून पुढे कुठली वायर उघडायची ते नेमकं सांगता येईल.